दुखणाइताला बसवून ठेवणें ही दया आहे काय?

घरांत कोणी लांबच्या दुखण्यानें आजारी पडला म्हणजे आमच्या खेड्यांतील लोक पहिली गोष्ट ही करितात कीं, त्याच्या हातांतील काम काढून घेतात. पाण्याची घागर दुसरी कोणी उचलते, बैल दुसरा कोणी सोडतो, आणि आजाऱ्याला ओसरीवर वाकळ टाकून दिली जाते. ही रीत वाईट नाहीं. तापानें फणफणलेल्या मनुष्याला विसांवा दिलाच पाहिजे. परंतु जो रोग आठवड्यांत जात नाहीं, वर्षांतही जात नाहीं, आणि जो अंगांत असतांनाच मनुष्यानें तीस किंवा चाळीस वर्षें जगावयाचें आहे, अशा रोगांतही ती वाकळ तशीच पसरून ठेवावी काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. हा प्रश्न वैद्यकीचा आहे हें खरें; तथापि आमच्या मतें तो अगोदर नीतीचा आहे.

ज्या रोगाविषयीं आम्ही बोलत आहों तो एच्. आय्. व्ही. होय. त्याचें नांव काढतांच अजूनही कित्येक मंडळ्यांत लोक खालीं पाहूं लागतात, म्हणून तें आरंभींच सांगून टाकिलें.

या रोगाचा इतिहास वाचकांनीं थोडक्यांत ध्यानांत घ्यावा, कारण आमची आजची दया त्या इतिहासांतूनच आलेली आहे. १९८१ सालीं अमेरिकेंत हा आजार प्रथम वर्णिला गेला. १९८३ सालीं पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत त्याचा विषाणु सांपडला. आणि १९८६ सालीं मद्रास येथें, म्हणजे आजच्या चेन्नईंत, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या देखरेखीखालीं झालेल्या तपासणींत भारतांतील पहिले रुग्ण आढळले. १९९६ च्या सुमारास तीन औषधें एकत्र देण्याची रीत पाश्चात्य देशांत निघाली व तेथील मृत्यु झपाट्यानें कमी झाले. पण तीं औषधें खेड्यांतील मजुराच्या आवांक्याबाहेरचीं होतीं. त्या वर्षांत आमच्याकडे जो आजारी पडला तो वाळत गेला. त्याच्याजवळ बसून राहणें, त्याच्या तोंडांत पाणी घालणें, त्याच्या मागें राहिलेल्या लेंकरांना पोटाशीं धरणें, एवढेंच शेजाऱ्याच्या हातीं होतें. ज्या थोड्या लोकांनीं तें केलें त्यांनीं थोर काम केलें. पुष्कळांनीं तेवढेंही केलें नाहीं. भांडीं वेगळीं केलीं, प्रेताला खांदा दिला नाहीं, हेंही येथें लिहून ठेविलें पाहिजे.

मग १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनें हीं औषधें निवडक सरकारी रुग्णालयांतून फुकट देण्यास आरंभ केला. पुढें केंद्रें वाढत वाढत जिल्ह्याजिल्ह्यांत गेलीं. पूर्वीं रक्तांतील रक्षक पेशी ठराविक मर्यादेखालीं उतरल्याशिवाय गोळी सुरू करीत नसत. २०१७ सालीं ती अट काढून टाकण्यांत आली, आणि तपासणींत रोग आढळला कीं औषध सुरू, असें ठरलें. २०२१ च्या सरकारी अंदाजाप्रमाणें भारतांत सुमारें २४ लाख लोकांच्या शरीरांत हा विषाणु होता, व त्यांपैकीं ३ लाख ९४ हजारांच्या जवळपास एकट्या महाराष्ट्रांत होते. इतके दुसऱ्या कोणत्याही राज्यांत नव्हते. हे आंकडे मोठे आहेत, परंतु त्यांतील आनंदाची गोष्ट वाचकांच्या नजरेंतून निसटूं नये. जो मनुष्य २००४ सालीं तिशींत होता व तेव्हांपासून नेमानें गोळी घेत आला, तो आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. त्याच्या मुलींचीं लग्नें झालीं, त्याच्या मांडीवर नातवंडें खेळतात. ज्या क्षयानें व ज्या जुलाबांनीं त्याच्या बरोबरीचे लोक गेले, त्यांनीं तो मेला नाहीं. आतां त्याला भय आहे तें तुम्हांआम्हां सर्वांना आहे त्याचेंच, म्हणजे हृदयाचें. आणि त्याला तें इतरांहून अधिक आहे.

किती अधिक? २०१८ सालीं जगांतील अनेक अभ्यासांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली, तींत या लोकांना हृदयविकार जडण्याचा संभव इतरांच्या सुमारें दुप्पट दिसून आला. याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. गोळीनें विषाणु दबतो, पण निघून जात नाहीं. तो कोंपऱ्यांत दबून बसला असतांही शरीराचे पहारेकरी झोंपत नाहींत. राखेखालच्या निखाऱ्यासारखी एक बारीकशी आग रात्रंदिवस धुमसत राहते. वैद्य तिला दाह म्हणतात. तिची झळ रक्तवाहिन्यांच्या आंतल्या अस्तराला लागते, अस्तर बिघडतें, तेथें चरबीचे थर बसतात, आणि एके दिवशीं तो थर फुटून रक्ताची गांठ वाट अडविते. आरंभींच्या कांहीं औषधांनींही यांत भर घातली. कांहींनीं रक्तांतील चरबी वाढविली. स्टॅव्हुडिन नांवाच्या औषधानें तर गालांची व हातापायांची चरबी झडून जात असे, आणि नुसत्या चेहऱ्यावरून गांव रोग ओळखीत असे. २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तें औषध टप्प्याटप्प्यानें बंद करावयास सांगितलें. या सर्वांवर आणखी आमची विडी, आमची मिश्री, आणि आमचा तंबाखूचा बटवा आहेच.

येथें घाईनें कोणी असें समजूं नये कीं, औषधानें हृदय बिघडत असेल तर औषधच सोडावें. याच प्रश्नाचा निकाल लावण्यासाठीं ५,४७२ लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. कांहींना औषध अखंड दिलें, कांहींचें मधून मधून बंद ठेविलें. ज्यांचें बंद ठेविलें त्यांच्यांत मृत्यु अधिक झाले, आणि हृदय, मूत्रपिंड व यकृत यांचे मोठे विकारही अधिक झाले. २००६ सालीं तो प्रयोग मध्येंच थांबवावा लागला. तेव्हां गोळी हा पाया होय, व आम्ही पुढें जें म्हणणार तें सर्व या पायावर उभें आहे.

आतां तालमीकडे वळूं. आम्ही मराठी लोक पहिलवानांच्या आखाड्याला तालीम म्हणतों आणि शिकवून तयार करण्यालाही तालीम म्हणतों, हें फार चांगलें आहे. कारण हृदय हें शिकविलें असतां शिकतें. मोटेच्या विहिरीचें उदाहरण घ्या. (ज्यांनीं मोट पाहिली नाहीं त्यांनीं आपल्या आजोबांना विचारावें.) दुबळी जोडी अर्धी मोट ओढते आणि तेवढ्याच पाण्यासाठीं दुप्पट फेऱ्या घालते, पोसलेली व सरावलेली जोडी भरली मोट एका दमांत वर आणते. सरावलेलें हृदय एका ठोक्यांत अधिक रक्त ढकलतें, म्हणून मनुष्य स्वस्थ बसला असतां त्याचे ठोके कमी पडतात व त्याला विसांवा मिळतो. शिवाय चालणाऱ्याचे स्नायु रक्तांतील साखर ओढून घेतात, रक्ताचा दाब उतरतो, आणि वाहिन्यांचें अस्तर अधिक लवचीक राहतें.

हें या रोग्याच्या शरीरांतही घडतें काय? कॅनडांतील केली ओब्रायन व त्यांचे सहकारी यांनीं निरनिराळ्या देशांत झालेले असे प्रयोग गोळा करून ते कित्येक वर्षें पुनःपुन्हां तपासले. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तपासणींत २४ प्रयोग व ९३६ माणसें होतीं. त्यांना असें आढळलें कीं, दम लागेल असा व्यायाम, नुसता किंवा वजन उचलण्याच्या व्यायामाबरोबर, आठवड्यांतून निदान तीन वेळां याप्रमाणें निदान पांच आठवडे केला असतां प्रकृति स्थिर असलेल्यांना त्यापासून अपाय होत नाहीं. उलट छातीचा दम वाढतो, स्नायूंना बळ येतें, आणि मनाची उदासीनता कमी होते. पण त्याबरोबर त्यांनीं हेंही सांगितलें कीं, व्यायामानें रक्षक पेशी वाढल्या नाहींत व विषाणु घटला नाहीं. ही गोष्ट प्रत्येक उपदेशकानें नीट लक्षांत ठेवावी, म्हणजे तो कोणाला खोटी आशा लावणार नाहीं. चालण्यानें रोग जात नाहीं. चालण्यानें रोग बाळगणारा मनुष्य आपला भार वाहण्यास समर्थ होतो.

२०२० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें शारीरिक हालचालीविषयींचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत जुनाट आजार असलेल्यांचा वेगळा विचार केला असून एच्. आय्. व्ही. चें नांव घेतलें आहे. २०२३ सालीं दुसरी एक मोठी गोष्ट कळून आली. भारत धरून १२ देशांत ७,७६९ रुग्णांना घेऊन केलेल्या प्रयोगांत पिटाव्हास्टॅटिन या चरबी उतरविणाऱ्या गोळीनें हृदयाचे मोठे आघात सुमारें एकतृतीयांशानें कमी झाले. ती गोळी कोणाला द्यावी हें डॉक्टर ठरवितील. आम्हांला त्यांत जें दिसतें तें असें: जगांतील वैद्य या रुग्णाला मरणाच्या दारांतला न समजतां म्हातारपणाच्या वाटेवरचा प्रवासी समजूं लागले आहेत, व त्याच्या शिदोरीच्या तयारीला लागले आहेत. आमच्या मंडळ्या मात्र अजून ओसरीवरच्या वाकळेपाशीं आहेत.

आजाऱ्याला बसवून ठेवण्यांत त्याचें काय जातें, तें पाहा. १९६६ सालीं अमेरिकेंत डॅलस येथें पांच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेविलें व त्यांची श्रम करण्याची शक्ति मोजली. तीस वर्षांनंतर त्याच पांच जणांना पुन्हां तपासलें. तेव्हां असें आढळलें कीं, तीस वर्षांच्या वाढत्या वयानें त्यांची जेवढी शक्ति घटली होती तिच्याहून अधिक त्या तीन आठवड्यांच्या निजण्यानें घटली होती. विशींतल्या धडधाकट तरुणांची ही गत, मग ज्याच्या रक्तवाहिन्यांना आधींच निखाऱ्याची झळ लागलेली आहे त्याला वर्षानुवर्षें बसवून ठेवणारी दया त्याच्या हृदयाचें काय करीत असेल?

आणि हृदयाहून दुसरेंही कांहीं जातें. सुनेच्या डोक्यावरील घागर सासूनें काढून घेतली, तेव्हां पहिल्या दिवशीं सुनेला बरें वाटतें. पण हातांतलें काम गेलें कीं घरांतलें मत जातें. पुढच्या वर्षीं पेरणीचा विचार निघाला तर तिला कोणी विचारीत नाहीं, त्याच्या पुढच्या वर्षीं पोराच्या शाळेचेंही तिला कोणी विचारीत नाहीं, आणि ती विधवा असली तर जमिनीच्या वांटणीच्या वेळीं "तिला आतां काय करावयाचें आहे?" असा शब्द निघतो. जी दया आरंभीं डोक्यावरून घागर उतरविते तीच शेवटीं सातबाऱ्यावरून नांव उतरविते. ही दया करणारा मनुष्य दुष्ट असतो असें नाहीं. बहुधा तो प्रेमळच असतो. परंतु दया करणाऱ्याला उंच जागा मिळते, आणि उंच जागेची संवय लागलेला मनुष्य खालीं बसलेल्यानें उठावें अशी फारशी इच्छा करीत नाहीं, हें मनुष्यस्वभावाचें गुपित आम्हां पाळकांना तरी ठाऊक असावें.

बेथेस्दा तळ्याच्या कांठीं अडतीस वर्षें पडून असलेल्या मनुष्याची गोष्ट आमच्या वाचकांना पाठ आहे. तींत दोन गोष्टींकडे आम्ही लक्ष वेधूं इच्छितों. प्रभूनें अगोदर त्याची इच्छा विचारिली. आणि मग बाज उचलण्याचें काम त्यालाच सांगितलें, जवळ उभ्या असलेल्या धडधाकट लोकांना नव्हे. आमच्या एखाद्या मंडळींत ती गोष्ट घडती तर चौघे वडील पुढें होऊन ती बाज उचलते आणि त्या मनुष्याला हात लावूं न देते, अशी आम्हांला भीति वाटते.

येथें आमचे कित्येक उपदेशक बंधु म्हणतील कीं, पौलानें तीमथ्याला लिहितांना शरीराच्या कसरतीचा उपयोग थोडा ठरविला आहे, मग साप्ताहिकाचीं पानें त्यांत कां घालवावीं? त्यांस आमचें उत्तर असें कीं, थोडा म्हणजे मुळींच नाहीं असें नव्हे; तेथें भक्तीशीं तुलना चालली आहे, आळसाशीं नव्हे. दुसरे कोणी म्हणतील कीं, हा रोग ज्याच्या त्याच्या कर्माचें फळ आहे, त्यानें आपलें भोगावें. या म्हणण्याला फार शब्द खर्चण्याची आमची इच्छा नाहीं. आपल्या खेड्यांत ज्या बायकांना हा रोग झाला त्यांतील पुष्कळींना तो लग्नाच्या नवऱ्याकडून आला, आणि मुलांना तो जन्मतांच आला. आणि ज्याला तो स्वतःच्या चुकीनें आला त्याचें हृदय काय निराळ्या मातीचें आहे? जन्मांधाविषयीं शिष्यांनीं हाच प्रश्न विचारिला होता व त्यांना काय उत्तर मिळालें हें सर्वांना ठाऊक आहे.

खरी अडचण निराळीच आहे, आणि तिच्याकडे शहरांतील पुस्तकें क्वचित् पाहतात. आमचे बहुतेक वाचक श्रम करून पोट भरणारे आहेत. पहांटे चारला कोयता घेऊन उसाच्या फडांत उतरणाऱ्या बाईला, दिवसभर वीटभट्टीवर डोकीवरून विटा वाहणाऱ्या गड्याला, आम्ही व्यायाम सांगावयाचा काय? तो आम्हांला हंसेल, व त्याचें हंसणें योग्य आहे. जागतिक आरोग्य संघटना कामांतील व वाटेवरील हालचालही हिशोबांत धरते, हें खरें. पण डेन्मार्कांतील कोपनहेगन येथें एक लाखाहून अधिक लोकांना घेऊन केलेल्या आणि २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत एक विचार करण्याजोगी गोष्ट दिसली. फावल्या वेळांत आपण होऊन हालचाल करणाऱ्यांना हृदयाचे आघात कमी झाले. परंतु पोटासाठीं जड काम करणाऱ्यांना ते अधिक झाले. तो देश वेगळा, तेथील माणसें वेगळीं, आणि तीं या रोगाचीं नव्हतीं. तरी गोष्ट आमच्या अनुभवाशीं जुळते. बैल तोच, ओढणें तेंच. पण एकाला संध्याकाळीं पेंड मिळते व दुसऱ्याला चाबूक मिळतो, यावर सर्व कांहीं अवलंबून आहे. तालीम म्हणजे श्रम, मग विसांवा, मग अन्न, आणि मग उद्यां थोडासा अधिक श्रम. श्रमामागून विसांवाही नाहीं व अन्नही नाहीं, तर ती तालीम नव्हे, झीज होय.

म्हणून एकच उपदेश सर्वांना लागूं पडणार नाहीं, आणि येथें उपदेशकानें डोळे उघडे ठेवून घरोघर जावें. जो घरीं बसविला गेला आहे त्याला उठवावें. जी उपाशी राबत आहे तिला चालण्याचा उपदेश करण्यापूर्वीं तिच्या ताटांत काय पडतें याची चौकशी करावी. तिच्या मुकादमाला किंवा सासऱ्याला भेटून दुपारची घटकाभर सावली मिळते कीं नाहीं हें विचारावें. झिडोव्हुडिनसारख्या औषधानें कोणाकोणाचें रक्त कमी होतें, तेव्हां तिनें रक्त तपासून घेतलें आहे काय हें पाहावें. तिच्या हृदयाची तालीम तिच्या एकटीच्या हातांत नाहीं. ती तिला राबविणाऱ्यांच्याही हातांत आहे. जो मालक आपल्या मजुराला विसांवा देत नाहीं आणि पुढें त्याच्या आजारपणांत चार पैसे देऊन दया दाखवितो, त्यानें देणें फेडलें असें आम्ही मानीत नाहीं.

आणखी एक भय आम्हांला आहे, तें सांगून टाकणें बरें. आज आम्ही चालण्याचें महत्त्व सांगावें, आणि उद्यां एखाद्याला हृदयविकार झाला म्हणजे शेजाऱ्यांनीं म्हणावें, "चालला नाहीं, त्याचें हें फळ." पूर्वीं ज्यांनीं रोगाबद्दल बोट दाखविलें त्यांना बोट दाखवावयास हें नवें कारण होईल. असें होऊं नये. नेमानें चालणाऱ्यालाही हृदयविकार होतो. शरीर ही सावकाराची वही नव्हे कीं जमा केलें तेवढें मिळालेंच पाहिजे. आपल्या शरीराची निगा राखणें हें रोग्याचें कर्तव्य आहे असें आम्ही मानतों. पण तें कर्तव्य त्यानें पाळलें कीं नाहीं याचा हिशोब मागण्याचा अधिकार शेजाऱ्याला दिलेला नाहीं. शेजाऱ्याला एवढाच अधिकार आहे कीं, त्यानें आपल्या वहाणा पायांत घालून त्याच्याबरोबर निघावें.

बरोबर निघण्याविषयीं एक सावधगिरी मात्र अवश्य आहे. कोणाला हा रोग आहे हें त्याच्या संमतीवांचून दुसऱ्याला सांगणें हा नुसता चहाडखोरपणा नव्हे; २०१७ सालीं झालेल्या व १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आलेल्या कायद्यानें तें मना आहे. म्हणून रोग्यांची वेगळी चालण्याची टोळी करूं नये. ज्याला चालावयाचें त्यानें चालावें, असा मंडळींतील सर्वांचाच नेम असावा. पाळकानें, शाळामास्तरानें, मधुमेही म्हाताऱ्यानें आणि लठ्ठ होऊं लागलेल्या तरुणानेंही त्यांत यावें. कोण कशासाठीं चालतो हें कोणी कोणाला विचारूं नये. घाम लागल्यानें, हात धरल्यानें, एका तांब्यांतून पाणी प्याल्यानें हा रोग लागत नाहीं, हें तर आतां शाळेंतील पोरांनाही सांगतात.

किती व कसें चालावें? वर सांगितलेल्या नियमांत आठवड्याला निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाचीं सांगितलीं आहेत, आणि दोन दिवस बळ वाढविणाऱ्या कसरतीचे. घड्याळ नसलें तरी चालेल. चालतांना शेजाऱ्याशीं बोलतां यावें पण गीत म्हणतां येऊं नये, एवढा वेग असला म्हणजे श्रम मध्यम झाला. बरेच दिवस बसून असलेल्यानें पहिल्या आठवड्यांत वेशीपर्यंत जाऊन परत यावें, पुढच्या आठवड्यांत ओढ्यापर्यंत. एकदम डोंगर चढूं नये. बळासाठीं बैठका आहेत, भिंतीला हात टेकून काढलेले जोर आहेत. ज्यांना तेवढेंही होत नाहीं त्यांनीं बाजेवर बसून हातांचा टेका न घेतां दहा वेळां उठावें. बायका रस्त्यानें चालूं लागल्या तर "कामधंदा नाहीं वाटतें" असें लोक म्हणतात. त्यांनीं अंगणांत झिम्मा व फुगडी खेळावी. कोणी भुंवया चढवितील, पण चार फेऱ्या फुगडी घालून पाहिल्यावर तेही दम खात बसतील.

ताप असतां, क्षयाचें औषध नुकतेंच सुरू झालें असतां, किंवा अंग फार अशक्त असतां अगोदर डॉक्टरला विचारावें. चालतांना छातींत आवळल्यासारखें झालें, कळ डाव्या हातांत किंवा जबड्यांत गेली, डोळ्यांपुढें अंधारी आली, तर तेथेंच थांबून ताबडतोब दवाखाना गांठावा. पित्त म्हणून सोडा पिऊन बसूं नये. गोळ्या आणावयास केंद्रांत गेल्यावर रक्ताचा दाब व साखर मोजून घ्यावी, आणि विडी-तंबाखू सोडण्यास मदत मागावी. ज्यांनीं पूर्वीं स्टॅव्हुडिन घेतलें आहे त्यांतील कित्येकांच्या तळपायांची अजून आग होते किंवा पाय बधिर असतात. त्यांनीं अनवाणी निघूं नये, मापाची मऊ वहाण घालावी, आणि रोज रात्रीं दिव्याजवळ बसून तळवे पाहावे. स्वतःला दिसत नसेल तर घरांतील लेंकराकडून पाहून घ्यावे.